मामाच्या खुणेचा शब्द

"प्रिय ग्राहक, तुम्हाला चौदा दिवसांत नष्ट करण्यात येईल."

आईने हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि कागद टेबलावर पालथा घातला, जणू तो सुलटा राहिला तर खरंच कोणीतरी नष्ट होईल. "आज काम झालं नाही, तर संध्याकाळी सहाला हे पत्र त्रेसष्ट जणांना जाणार. त्यात पहिलं नाव हेडबाईंचं. टाचणे, झेपणार आहे ना तुला?"

"आई! शाळेच्या वेबसाइटवर मुख्याध्यापकांचा फोटो आठ महिने डोक्यावर उभा होता. तो पायांवर कोणी आणला?"

"तू."

"मग?"

टाचणी दहावीत होती. लहानपणी ती जिथे तिथे घुसायची आणि घुसली की टोचायची, म्हणून हे नाव पडलं होतं, आणि तो फोटो सुलटा केल्यापासून तर तिच्या टोकाला चांगलीच धार आली होती. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ती तडक ऑफिसात आली होती. अंगावर गणवेश, पायात एकच बूट. दुसरा काढायला वेळ नव्हता की घालायला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

ऑफिस म्हणजे माडीवरची एक खोली. खाली चाव्या बनवणाऱ्याचं दुकान, त्यामुळे दर दहा मिनिटांनी जमिनीतून किर्रर्र असा आवाज यायचा आणि टेबलावरचे पेन घरंगळायचे. इथे आई आणि मामा, म्हणजे सख्खे बहीणभाऊ, लोकांच्या वेबसाइटना इंटरनेटवर भाड्याने जागा द्यायचे. कोणाचं वर्ष कधी संपतं, कोणाला कधी पत्र धाडायचं, हा सगळा कारभार एक सॉफ्टवेअर बघायचं. त्याला घरात सगळे 'कारकून' म्हणत.

कारकून दहा वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीकडून तयार विकत आणला, तेव्हा त्याच्या पोटात यंत्राने भाषांतर केलेली पत्रं होती. त्यातलं पहिलंच गेलं हेडबाईंना. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई या ग्राहक क्रमांक एक. पत्र मिळालं त्या दिवशी त्या छत्री घेऊन जिना चढून आल्या, खुर्चीवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "मी आलेय. करा नष्ट."

त्यानंतर मामाने कारकुनाला माणसात आणायचं काम हाती घेतलं. पत्रं मऊ केली. हेडबाईंसाठी अक्षरं मोठी केली. पत्रं थांबवायचं बटण कारकुनाला नव्हतंच, तेही बसवलं. दहा वर्षं मामा कारकुनाच्या पोटात हात घालून कुठे ना कुठे टाका मारत होता.

आणि आता त्याच कंपनीने, जिच्या यंत्रांवर हा सगळा पसारा उभा होता, कळवलं होतं की शनिवारी पाच वाजता जुन्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर चालणं बंद. नवीन आवृत्ती बसवा. बसवणं सोपं होतं. फक्त ती बसताना जुन्या फायलींवर नवीन फायली चढणार होत्या, म्हणजे मामाचे सगळे टाके उसवणार होते. म्हणून आधी यादी हवी: मामाने नेमक्या कुठल्या फायलींना हात लावलाय?

हे काम मामा आणि टाचणीने मिळून करायचं ठरलं होतं. पण सकाळी मामाचा उजवा गाल उशीएवढा झाला आणि मामा दाढ काढायला दातांच्या दवाखान्यात गेला.

"ते हे... पंखा कमी कर जरा, कागद उडतायत," आई म्हणाली. "आणि ऐक. मी कॉम्प्युटरच्या तज्ज्ञ सरांना साडेतीनला बोलावून ठेवलंय. चारपर्यंत यादी झाली, तर तू बसवायचं. नाही झाली, तर ते कोरं बसवतील."

"कोरं?"

"कोरं. कंपनीकडून येतं तसं, त्या जुन्या पत्रांसकट."

"म्हणजे सहाला हेडबाई नष्ट!"

"थांबवायचं बटणही नष्ट," आई म्हणाली, आणि दोघींनी एकदम घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा.

टाचणीने बाह्या वर केल्या. आधी सगळ्या फायलींची एक प्रत बाजूला काढून ठेवली, कारण तेवढं शहाणपण तिच्यात होतं. मग तिच्या डोक्यात पहिली कल्पना आली. "सोप्पंय आई! फायलींच्या तारखा बघायच्या. नंतर बदललेल्या त्या मामाच्या!"

तारखा बघितल्या. दोन हजारांच्या वर फायली आणि सगळ्यांची तारीख एकच. तीन वर्षांपूर्वी मामाने सगळा पसारा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवला, त्या दिवशी सगळ्या फायली नव्याने जन्मल्या होत्या. जुळी, तिळी नाही, दोन हजारुळी.

"हरकत नाही! नवीन आवृत्तीशी ताडून बघू. वेगळ्या निघतील त्या मामाच्या."

ताडून बघितलं. दोन हजार एकशे सहा फायली वेगळ्या निघाल्या, कारण दहा वर्षांत कंपनीही काही हातावर हात ठेवून बसली नव्हती.

"मग त्याच जुन्या आवृत्तीची कोरी प्रत आणू!"

कंपनीने ती कधीच काढून टाकली होती. तिच्या जागी एक हसरा चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, 'हे पान आता नाही.' टाचणीला तो चेहरा फार दिवस लक्षात राहिला.

हे करताना टेबलावर तिच्या हाती मामाच्या मऊ केलेल्या पत्राची छापील प्रत लागली. 'नमस्कार. तुमच्या वेबसाइटचं वर्ष संपत आलंय. आठवण केली, एवढंच. काही अडलं तर फोन करा.' आणि सगळ्यात शेवटी: 'आणि हो, पाणी प्या.'

"हे काय आई? आपण वेबसाइटवाले की डॉक्टर? ही ओळ मी काढून टाकणार. किती बालिश!"

"लोकांना आवडते गं ती. आधी मामाला विचार." आई एकदम थांबली. "अगं, मामा! दादाची खूण होती ना! जिथे बदल करायचा तिथे डोक्यावर एक शब्द लिहायचा तो. नेहमी तोच. 'कधी शोधायची वेळ आली तर एका फटक्यात सापडेल,' म्हणायचा."

टाचणी खुर्चीतून उडाली. "मग सांग ना!"

"मला कुठे माहीत? मी वेबसाइटच्या पत्त्यांची बाजू बघते."

टाचणीने शाळेच्या मधल्या सुट्टीतच मामाला मेसेज टाकला होता, mama list kuthe ahe. उत्तर आलं नव्हतं. तसं ते कधीच यायचं नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी मामाला बघवत नसे. असे मेसेज तो वाचल्याचंही कबूल करत नसे. म्हणून तिने सरळ फोन लावला. मामा दवाखान्याच्या बाकावर बसला होता.

"मामा, तुझ्या खुणेचा शब्द काय रे?"

"खुणेचा?" मामाचा आवाज सुजलेल्या गालाला वळसा घालून येत होता. "आपलं."

मामाचं कुठलंही वाक्य 'आपलं'वर एक पाय टेकल्याशिवाय पुढे जात नसे. 'आपलं तो चार्जर दे.' 'काही नाही, सहज आपलं विचारलं.' त्यामुळे टाचणी पुढच्या शब्दासाठी पेन्सिल धरून थांबली.

"हां. काय?"

"आपलं!"

"हो रे, पण पुढे? सावकाश आठव. म्हणजे सावकाश नको, पण आठव."

"अगं, आठवायचंय काय त्यात? आपलं, आपलं!"

"दाढेने बिचाऱ्याचं डोकं धरलंय," टाचणीने फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. मागून कोणीतरी "चला, आत या" म्हणालं, मग "आ करा", आणि मग फोनमधून फक्त "आऽऽ" ऐकू आलं आणि तो बंद झाला.

"विसरला," आई म्हणाली. तिचा चेहरा पडला. "दहा वर्षं झाली म्हणा."

"असू दे! आपण ओळखू!" टाचणीचे डोळे चमकत होते. तिला आता हे कोडं सुटल्याशिवाय पाणीसुद्धा गोड लागणार नव्हतं. पत्रं सोडली तर कारकुनाच्या पोटात सगळी इंग्रजीच अक्षरं, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत एकेक शब्द टाकून शोधू लागली. 'बदल': शून्य. 'खूण': शून्य. 'मामा': शून्य. 'दादा': शून्य. 'टाका', 'टाका मारला', 'हात लावू नका': शून्य, शून्य, शून्य.

"मी!" आई ओरडली. "दादाने 'मी' लिहिलं असेल! मी केलं, मी!"

'मी' टाकलं आणि पडदा नुसता भरून वाहू लागला. चौदा हजार ठिकाणी मी.

"बाप रे," आई म्हणाली. "दादा एवढा मी मी करणारा नव्हता गं."

"आई, 'अ‍ॅडमिन'च्या पोटात 'मि' आहे. 'सबमिट'च्या पोटात पण 'मि' आहे. हे सगळे ते आहेत."

खालून किर्रर्र झालं. पेन घरंगळलं. तीन वाजले होते. आईने पुन्हा दवाखान्यात फोन लावला. या वेळी तिथल्या ताईंनी उचलला.

"त्यांची दाढ निघाली. पण तोंडात कापूस आहे, तासभर बोलायचं नाही."

"ताई, फार अर्जंट आहे हो," टाचणीने फोन ओढून घेतला. "त्यांना कागद द्या आणि विचारा, खुणेचा शब्द काय? लिहून दे म्हणावं."

पलीकडे कागदाचा आवाज आला. मग ताई जरा खाकरल्या. "लिहिलं. 'आपलं'."

"आणि?"

"आणि काही नाही. पुढचं लिहायचं राहिलं बहुतेक."

टाचणीने कपाळाला हात लावला. "आता लिहिताना पण? ताई, पुढचं लिही म्हणावं!"

पुन्हा कागद खसखसला, या वेळी जोरात. "अहो, आता तीनदा लिहिलंय," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "आपलं, आपलं, आपलं. वरचं टिंब तर इतकं गिरवलंय की कागद फाटला. रागावलेत. आता हाताने हवेत टिंब काढून दाखवतायत. तुमचे मामा एरवी बरे असतात ना?"

"एरवी उत्तम असतात," फोनला कान लावून बसलेली आई म्हणाली आणि तिने हळूच तो ठेवला.

बरोबर साडेतीनला तज्ज्ञ सर आले. एका हातात दोन फोन, दुसऱ्या हातात बॅग, आणि चेहऱ्यावर घाई. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, टाचणीच्या एका बुटाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

"बेसिकली, बदल करायचेच नसतात. कोरं आणायचं, कोरं वापरायचं. यादी झाली?"

"होतेय," टाचणी म्हणाली.

"किती झाली?"

"शब्द सापडला की सगळी झाली."

"म्हणजे शून्य." सरांनी बॅग उघडली. "ताई, मी सुरू करतो. मला साडेपाचला दुसरीकडे जायचंय."

"चारपर्यंत वेळ ठरलाय!" टाचणी पडद्यासमोर हात पसरून उभी राहिली. "आई, सांग ना! ठरलंय ना?"

"ठरलंय हो," आई म्हणाली, पण तिचा हात त्या पालथ्या कागदावर होता आणि आवाज बारीक झाला होता. "हेडबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. त्यांचा जिना चढायचा त्रास तरी वाचवता आला असता... सर, ते हे... सोमवारी नवीन पत्रं लिहून घालता येतील ना?"

"बेसिकली हो. आज जातील ती जातील." सर टाचणीकडे वळले. "बाळ, तुमचा प्रॉब्लेम सांगू का? यातलं कंपनीचं कुठलं आणि आपलं कुठलं, हेच तुम्हाला..."

"काय म्हणालात?"

"कंपनीचं कुठलं आणि आपलं कुठलं."

"पुन्हा म्हणा!"

"मला खरंच वेळ नाहीये..."

"फक्त शेवटचं!"

"आपलं कुठलं."

"कुठलं नको! कुठलं सोडून!"

सरांनी मदतीसाठी आईकडे पाहिलं. "...आपलं?"

टाचणीने अशी किंकाळी मारली की खाली चाव्यांचं यंत्र बंद पडलं. "आई! तो विसरला नव्हता! तो सांगत होता! कंपनीचं ते त्यांचं, मामाने केलं ते आपलं! खुणेचा शब्दच 'आपलं' आहे!"

"अगं बाई!" आई मटकन खुर्चीत बसली. "आणि आपण त्याला कागदावर लिहायला लावलं!"

टाचणीची बोटं धावली. aapla. शून्य. apla. शून्य. aapala, apala, aple: शून्य, शून्य, शून्य. भिंतीवर तीन बावन्न.

"बेसिकली," सर जरा हळू म्हणाले, "शब्द असता तर सापडला असता."

"थांबा! टिंब!" टाचणी पुटपुटली. "टिंब का गिरवलं त्याने? हवेत का काढलं?" आणि मग तिला मामाला पाठवलेला मेसेज आठवला, ज्याला उत्तर आलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत कुठे असतं टिंब? जो माणूस इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचत नाही, तो ते लिहील? कारकुनाच्या पोटात शिरूनसुद्धा नाही लिहिणार!

तिने कळफलक मराठीवर आणला. आ. प. लं. टिंब तिने इतक्या जोरात दाबलं की कप हलला.

पडद्यावर आकडा आला: एकतीस फायली.

आईने टाळी वाजवली. सरांनी, स्वतःच्या नकळत, दोन्ही फोन खाली ठेवले. एकतीस फायली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मामा टिंबासकट बसला होता. 'आपलं: पत्र मऊ केलं.' 'आपलं: हेडबाईंना अक्षरं मोठी. अजून मोठी. आता पुरे म्हणाल्या.' 'आपलं: थांबवायचं बटण.' 'आपलं: नावाआधी ग्राहक क्रमांक येत होता, माणसाला आधी नावाने हाक मारावी.' आई वाचत होती, टाचणी यादीत टिपत होती, आणि सर त्यांच्या खांद्यावरून मान काढून "ही बघा, ही राहिली" म्हणत होते.

एकतिसाव्या फायलीशी आई थांबली. तिने नुसतं बोट ठेवलं. टाचणीने वाचलं.

'आपलं: "आणि हो, पाणी प्या" ही ओळ टाचणीची. वय सात. मांडीवर बसून एकेक अक्षर शोधून टाइप केली. मला विचारल्याशिवाय कोणी काढायची नाही. तिनेसुद्धा.'

"किती बालिश, नाही का?" आई म्हणाली.

टाचणीचे कान लाल झाले. "तशी... चांगली ओळ आहे," ती म्हणाली. "म्हणजे त्या वयाच्या मानाने."

भिंतीवर तीन एकोणसाठ. सरांनी यादीकडे पाहिलं, मग स्वतःची खुर्ची मागे घेतली आणि टाचणीची पुढे सरकवली.

पुढचा तास कसा गेला हे कोणालाच कळलं नाही. नवीन कारकून बसला. एकेक टाका पुन्हा घातला गेला. थांबवायचं बटण नवीन आवृत्तीत जुन्या जागी बसेना, तेव्हा टाचणीने ते आपल्या अकलेने वरच्या कोपऱ्यात हलवलं आणि ते चाललं. पाचला सात मिनिटं असताना तिने एक चाचणी पत्र सरांच्या पत्त्यावर पाठवलं. सरांचा फोन वाजला. सरांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी आईच्या टेबलावरचा ग्लास उचलला आणि गटागटा पाणी प्यायले.

"बेसिकली," ते तोंड पुसत म्हणाले, "सकाळपासून राहिलंच होतं."

पाच वाजले. काहीही बंद पडलं नाही. टाचणी खोलीभर एका बुटावर नाचली.

तेवढ्यात गालाला रुमाल बांधून मामा जिना चढून आला. तोंडात कापूस तसाच. त्याने खिशातून चिठ्ठी काढून आईसमोर धरली: 'मग मी दुसरं काय सांगत होतो?' आईने त्याचा हात धरला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टाचणीने त्याला पडदा दाखवला, एकतीसच्या एकतीस. मामाने तिच्या डोक्यावर टप्पल मारली, मग तीच जागा कुरवाळली.

"एक राहिलं," सर बॅग बंद करत म्हणाले. "ते बटण हिने हलवलं. तो हिचा बदल. त्याला वेगळी खूण द्या. नवं कुठलं, जुनं कुठलं, कळलं पाहिजे."

बरोबर होतं! टाचणीने फाइल उघडली आणि बोटं कळफलकावर ठेवून सज्ज झाली. आज ती एक गोष्ट शिकली होती: मोठ्या माणसांनी पहिल्या फटक्यात जे सांगितलं तेच लिहायचं. 'पुढे काय' विचारायचं नाही, फाटे फोडायचे नाहीत.

"आई, लवकर सांग. माझ्या खुणेला कुठला शब्द लिहू?"

आई टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती. "अगं... ते हे..."

टाचणीने लिहिलं, 'ते हे', मराठीत, नीट, आणि फाइल जतन केली.

"ते हे गं, कुलूप! कुठे ठेवलं मी?" आई केस सावरत वर आली. "आणि काय म्हणालीस? कुठला शब्द?"

"लिहिला पण!" टाचणी म्हणाली आणि तिने ऐटीत पडद्याकडे बोट केलं.

आईने वाचलं. सरांनी वाचलं. मामाने वाचलं, आणि त्याच्या खांद्यांना असे हिसके बसू लागले की कापूस पडतो की काय असं वाटलं. एका हाताने गाल धरून त्याने चिठ्ठी उलटी केली आणि तिच्या पाठीवर लिहिलं:

'राहू दे. सोप्पा आहे. आपलं लक्षात राहील.'